लिंबू फुटलंच नाही

मंगळवार संध्याकाळ, धायरी

आमच्या रोव्हरची, म्हणजे चंद्रावर जायच्या गाडीची, आज शेडमध्ये पूजा झाली. नवी गाडी म्हणून सरांनी स्वतः चाकाखाली लिंबू ठेवलं. कंपनी त्यांची, हौसही त्यांचीच. मी रिमोटने गाडी सुरू केली आणि लिंबू फुटलंच नाही! चाक सावकाश वर चढलं, पलीकडे उतरलं, लिंबू जसंच्या तसं.

सर म्हणाले, "लक्षण बरं नाही. उद्या लँडरवाले बघायला येतायत, त्यांना पुढची तारीख देऊ."

लक्षण? अहो सर, दगड आला की अलगद वरून जायचं, म्हणून तर एवढे दिवस ही चाकं हलकी करतेय मी. लिंबू फुटलं असतं तर रडले असते. हे तोंडावर बोलले का? बोलले. वर "आपण चंद्रावर सरबत करायला चाललो नाही" हेही. जरा जास्त झालं का? होऊ दे.

तारीख बदललेली नाही. ते लिंबू आत्ता माझ्या टेबलावर आहे, साधा ओरखडाही नाही. आमची गाडी चंद्रावर उतरवणार ते हे लँडरवाले; उद्या या पाहुण्यांसमोर चाकाखाली तेच ठेवणार. आणि रिमोट सरांच्या हातात देणार.