कोबिलोची शिंक

इटेन, कड्यावर
४ मार्च १९८७

चि. जेरुतोस थोरल्या बहिणीचे अ. उ. आ.

तुला मुलगी झाल्याचं आणि तिचं नाव ठरल्याचं मला खाली-वर माणसं वाहणाऱ्या मटाटूच्या ड्रायव्हरकडून कळलं. सख्ख्या बहिणीला ड्रायव्हरने सांगावं, हे बरं आहे. तो म्हणाला, बायका नावं घ्यायला बसल्या, तुझ्या नवऱ्याच्या, चेबीच्या, घरची गेलेली माणसं एकेक करून हाकारली, पोर ढिम्म. आणि आपल्या आईचं, कोबिलोचं, नाव घेताच फाडकन शिंकली. म्हणजे आई परत आली आणि ती तुझ्या पोटी आली. अभिनंदन.

नऊ वर्षं आई माझ्या घरी होती. तिचे पाय मी चेपले, तिची चूल मी वेगळी मांडून दिली, शेवटचं दूध मी पाजलं. तू वर्षाकाठी एकदा पपया घेऊन वर यायचीस, दोन दिवस तिला हसवायचीस आणि उतरून जायचीस. आणि आता ती तुझ्याकडे. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. धाकटा अकरा वर्षांचा झाल्यावर मला पुन्हा दिवस गेले, ते आईच यायची आहे म्हणून, असं मी धरून चालले होते. तुला हे ठाऊक होतं. मीच सांगितलं होतं.

एक विचारते, खरं सांग. पोरीच्या नाकाला तपकीर कुणी लावली? आमच्या इथे सगळ्या बायका तेच विचारताहेत. (आधी मी विचारलं, मग त्या विचारू लागल्या.)

पोरीला सर्दीपासून जप. लोभ आहे, पण आज जरा आटलेला आहे.

तुझी ताई,
जेसांग

*

बिरेत्वो, कड्याखाली
१५ मार्च १९८७

ती. ताईस सा. न. वि. वि. नमस्कार खालून वर चढतोय, तेव्हा थोडा धापा टाकत पोचेल.

तुझं पत्र वाचून चेबी म्हणाला की कागद अजून गरम आहे. ताई, तू कड्यावर बसून माझ्या शेळ्या हाकू नकोस. ड्रायव्हरने सांगितलं कारण तो त्या दिवशी इथे भाकर खायला थांबला होता. मी चिठ्ठी लिहायला घेणार, तोवर तो तीन वळणं चढूनही गेला.

तपकीर कसली? माझ्या सासूबाई ओढतात ती त्यांच्या डबीत असते आणि डबी त्यांच्या कमरेला. बाळाचं नाक बाळाचं आहे. आईला यावंसं वाटलं, ती आली. तिला तुझ्याकडची थंडी कधी सोसली का? नऊ वर्षं घोंगडीत गुंडाळून बसायची आणि खाली बोट दाखवून म्हणायची की तिथे ऊन आहे.

आता रुसवा सोड आणि ये. सहाव्या महिन्यात जपून येता येतं. पायवाटेने नको, गाडीने ये. आंबे पिकलेत. पोरगी कुणासारखी दिसते हे मी सांगणार नाही, तू बघून सांग. एक टोपली आंबे ड्रायव्हरकडे दिलेत, त्यातले दोन तो खाणार हे धरून चाल.

भावजींना नमस्कार, मुलांना पापे. लोभ आटला असेल तर पाणी घाल.

तुझी,
जेरुतो

*

इटेन
२ एप्रिल १९८७

चि. जेरुतोस अ. आ.

आंबे पोचले. पाच कमी होते.

येणं काही जमत नाही. गुडघे दुखतात, गाय व्यायला आलीय, बटाटे काढायचे आहेत आणि गाडीच्या वळणांनी मला ओकारी येते. तुम्ही सुखात आहात हे ऐकून आहे, तेवढं पुरे. माझ्यावाचून कुणाचं अडलंय? कानामागून आली आणि तिखट झाली, अशी तू लहानपणापासूनच. शेवटचं कणीसही तुलाच मिळायचं, कारण तू धाकटी.

आईचे मण्यांचे हार माझ्याकडे आहेत. ते मी माझ्या मुलीसाठी ठेवणार होते. आता कुणासाठी ठेवू ते मला कळत नाही. पत्र लांबवत नाही.

जेसांग

*

बिरेत्वो
११ एप्रिल १९८७

ती. ताईस सा. न. वि. वि.

गुडघे दुखतात म्हणतेस, मग मागच्या शनिवारी तांबाच गावाच्या खालच्या खडकावर पिवळी छत्री घेऊन कोण बसलं होतं? अख्ख्या कड्यावर तसली छत्री एकच आहे, ती भावजींनी एल्डोरेटहून आणली होती. मी अंगणात पोरीला घेऊन उभी होते. छत्री अर्धा तास तिथे होती. मी चूल पेटवली, पाणी ठेवलं, वाटेकडे बघत राहिले. मग छत्री उठली आणि वर चढू लागली. पोटात पोर घेऊन निम्मा कडा उतरलीस आणि दारात येऊन परत गेलीस. मी त्या दिवशी जेवले नाही.

म्हणून आता खरं सांगते. तपकीर मीच लावली.

पण तुला वाटतं तशी नाही. आईला तुझ्यासाठी ठेवायचं, हे मी बाळंत होण्याआधीच ठरवलं होतं. सासूबाईंनी चेबीच्या आजीचं नाव घेतलं, तेव्हा नखात लपवलेली चिमूट मी पोरीच्या नाकाशी नेली. म्हटलं, आजीच्या नावाला शिंकली की संपलं, कुणी पुढे जाणार नाही. पोरीने नुसतं नाक मुरडलं. पुढचं नाव झालं, त्याच्या पुढचंही झालं. मला घाम फुटला. मग शेजारच्या म्हातारीने, उगाच माझं मन राखायला, माहेरचं एक नाव म्हणून कोबिलो म्हटलं आणि पोरगी अशी शिंकली की कोंबड्या उडाल्या. सगळ्या बायकांनी एकदम आनंदाची आरोळी ठोकली. चोरी तुझ्यासाठी केली आणि माल माझ्याच पदरात पडला. ती शिंक तपकिरीची की आईची, मला माहीत नाही. सासूबाईंना हे कळलं तर मला कड्यावरून ढकलतील.

आणखी एक. ती शिंकली तेव्हा मला लाज वाटायला हवी होती. मला आनंद झाला, ताई. ती गेली तेव्हा तू जवळ होतीस. मला निरोप मिळाला, मी रात्र न थांबता चढले आणि पोचले तर माती झाली होती. नऊ वर्षं मी खालून तुझ्या घराचा धूर बघून जळत होते. तू हे कधी विचारलंच नाहीस.

आता तू जे ठरवशील ते. नाव बदलायचं म्हणालीस तर मी सासूबाईंशी बोलेन.

तुझीच,
जेरुतो

*

इटेन
२० जून १९८७

चि. जेरुतोस आणि जी कोणी तुझ्या मांडीवर आहे तिला, माझं सगळं.

दोन महिने उत्तर दिलं नाही. दिलं असतं तर त्यात शिव्या असत्या. अर्ध्या तुला, अर्ध्या मला.

मी खडकावरून का परतले ते सांगते. तुला ठाऊकच आहे, खालचा आवाज कड्यावर चढतो. तू त्या पोरीला आई म्हणून हाक मारत होतीस, दूध पी म्हणून विनवत होतीस. तुझा तो लाडाचा आवाज मी आईशी बोलताना ऐकला होता. मी तिच्याशी कधी तसं बोलले नाही. मी औषध घे, उठ, झोप एवढंच म्हणायचे. ते ऐकून मी छत्री उचलली आणि वर चढू लागले. जळले. अजूनही जळते, उगीच चांगुलपणा कशाला दाखवू?

इथल्या बायका म्हणतात, तुझ्या बाळालाही कोबिलोच म्हणून हाकारू, शिंकलं तर शिंकलं. मी नाही म्हटलं. आई म्हणजे काय बोकड आहे, दोन घरांत वाटून घ्यायला? तपकिरीने असो की कशाने, ती आलीय आणि खालीच आलीय. नाव बदलू नकोस. सासूबाईंना काही सांगू नकोस.

माझे दिवस भरत आले. सुईण म्हणते, पंधरा दिवस. दोन्ही मुलांच्या वेळी आईने माझी पाठ धरली होती. या वेळी वय झालंय आणि मला भीती वाटते. ही भीती मी किबिवोतला, तुझ्या भावजींनाही, सांगितलेली नाही. तू तिला घेऊन वर ये. किबिवोत विचारतो, चार महिन्यांची पोर येऊन काय करणार? तिने काही करायचं नाही. मी कळा देईन तेव्हा ती खोलीत असली म्हणजे झालं. तुझ्या घरी ती तुझी लेक असेल, पण माझ्या बाळंतपणाला मला माझी आई हवी आहे.

लोभ वाढवायचा असेल तर शुक्रवारच्या गाडीने या, आणि ती ओकली तरी थांबू नका.

तुझी ताई
आणि तिची मुलगी,
जेसांग