जड चाक

४ नोव्हें., करकंब
रूपालीचा दहावा. महेशला खुर्चीत बसवून नेलं, पाय प्लास्टरमध्ये. माझा धाकटा भाऊ. वळणावर मोटरसायकल घसरली, मागं बसलेली बायको गेली, हा राहिला. कोणी बोलत नाही त्याच्याशी.
रूपालीचे वडील, आबा, सगळ्यांदेखत म्हणाले, "पिऊन व्हता त्यो."
महेश एवढंच, "ब्रेक दाबला व्हता की मी."
नंतर आबांनी मला बाजूला घेतलं. "तुमी कॉलेजात गाड्यांचंच शिकवता. बघा आन् खरं सांगा. भाऊ म्हणून झाकू नका."

५ नोव्हें.
वळणावर गेले. उसाच्या ट्रॉल्यांनी डांबराला लाटा पडल्यात. मागच्या टायरचा काळा पट्टा अजून दिसतो, पण सलग नाही. काळं, मधे कोरं, परत काळं. म्हणजे ब्रेक दाबलेला. चाक उड्या मारत होतं.
घरी येऊन गाडी बघितली. मागं मोठ्या गाडीचं लोखंडी चाक, रुंद टायर. दसऱ्याला महेशनं हौसेनं बसवलेलं. रूपालीनंच फोटो पाठवला होता.

७ नोव्हें., सोलापूर
वर्गात नेमका तोच धडा. स्प्रिंगच्या वरचं वजन स्प्रिंग सांभाळते. खालचं, म्हणजे चाक, टायर, ब्रेक, ते रस्त्याचा मार थेट खातं. हलकं चाक उसळलं तरी लगेच रस्त्याला टेकतं. जड चाक शॉकअपला आवरत नाही, उसळतच राहतं. आणि रस्ता सोडलेल्या चाकाला ब्रेक लावला तरी गाडी थांबत...
धडा तिथंच थांबवला. पोरांना सोडून दिलं.

८ नोव्हें.
डॉक्टरांना विचारलं. महेशच्या रक्तात दारू नव्हती. संध्याकाळी आबांना फोन करून सगळं सांगितलं, चाकाचंही.
आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग, "त्येला म्हाईत हाय?"
"नाही."
"सांगा. न्हायतर मी येऊन सांगतो. माझी पोर गेली, त्येला कळाय नको व्हय?"

९ नोव्हें., करकंब
महेशजवळ बसले. "खुणा बघितल्या मी. ब्रेक दाबला होतास तू."
इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडला. लहानपणी रडायचा तसा, तोंड उघडं टाकून. मग डोळे पुसले.
"मग थांबली का न्हाय, आक्का?"
आई दारात. मानेनं मला नको नको म्हणत होती.
मी त्याचा हात धरून बसले. सोडला नाही, बोललेही नाही.
आबा उद्या येतायत.