चित्रपटात मी ‘व्हतं’ म्हणणार नाही

दि. ५ जानेवारी २०२५, रविवार

मला तोंडास माती फासण्यास सांगितले! वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी!

शेजारच्या रखमाजींची नात आरती पुण्यास शिकते. आम्हा धनगरांच्या जुन्या जीवनावर ती पंधरा मिनिटांचा चित्रपट काढीत आहे. गावातलीच मंडळी, मानधन कुणालाच नाही. मुख्य मेंढपाळाचे काम माझ्याकडे. मी इस्त्रीचे धोतर व पांढरी टोपी घालून दिलेल्या वेळेवर हजर झालो, तर म्हणे फार स्वच्छ दिसते. मंडपवाल्याकडून लग्नातला लाल फेटा आणला होता. त्याला अत्तराचा वास. चाळीस वर्षे मेंढ्यांमागे चाललो. अत्तराच्या वासाचा धनगर मला कोठे भेटला नाही.

फेटा बांधला. माती फासू दिली नाही.

दि. ७ जानेवारी, मंगळवार

यास चित्रीकरण म्हणतात! सुनीलचे मोबाईल दुरुस्तीचे दुकान आहे. त्याचा मोबाईल हाच कॅमेरा. माझे वाक्य रंगात आले असताना कॅमेऱ्याची घंटी वाजली — कुणाच्या तरी फोनची काच बसवून झाली का, ही चौकशी. सुनील तेथेच उभा राहून त्या गिऱ्हाइकास उद्या या म्हणून सांगत होता. तेवढ्यात गावातल्या बहिरू धनगराकडून मागून आणलेली मेंढरे कांद्यात शिरली. ती वळविण्यास सात स्वयंसेवक धावले. सातांपैकी एकासही मेंढरू कोणत्या अंगाने वळवावे हे ठाऊक नाही. शेवटी मीच गेलो. नेमके तेवढेच टिपायचे राहिले.

दि. ८ जानेवारी, बुधवार

काम बंद. कॅमेरा चार्ज करण्याचे राहिले.

दि. ९ जानेवारी, गुरुवार

आज मी काठी टाकून घरी आलो. कारण लिहून ठेवतो.

मला म्हणायचे होते, ‘दिवाळीनंतर आम्ही घाट उतरून कोकणात जात होतो.’ मी ते स्वच्छ, स्पष्ट म्हटले. आरती म्हणाली, “बाबा, असं नको. तुमच्या भाषेत बोला ना.”

मी सांगितले, हीच माझी भाषा आहे.

“तसं नाही. व्हतं, न्हाई, असं. लोकांना खरं वाटलं पाहिजे.”

त्यावर सुनील, “बाबा, तुमी बातम्या दिल्यावानी बोलताय राव!” सारे हसले. मेंढरांमागे उभा असलेला बहिरूसुद्धा.

चौथीच्या वर्गात गुरुजी मला उभे करीत. ‘न्हाई’ म्हणावयास लावीत. वर्ग हसे. त्याच साली शाळा सुटून मेंढ्या नशिबी आल्या. परंतु मी जिभेस वळण लावले. वाण्याच्या पुडीचा कागद असो की जुने वर्तमानपत्र, माळावर मोठ्याने वाचीत असे. पुढे ओतूरच्या बाजारात, कचेरीत, बँकेत मला कुणी अरेतुरे केले नाही ते या बोलण्यामुळे. घरातही अशुद्ध चालू दिले नाही. आमचे कुटुंब, तुकाबाई, आता मोजके आणि नेटके बोलते.

आणि आता मी चित्रपटात, भिंतीवर मोठ्या तोंडाने ‘व्हतं’ म्हणावे? माणूस जाईल, चित्रपट राहील. मी गेल्यावरही वर्ग हसत बसेल!

दि. १० जानेवारी, शुक्रवार

आरती आली. मला वाटले, क्षमा मागेल. तर ओटीवर बसून विचारते, आजी बोलतील का? मी म्हणालो, विचारून पाहा. तिला काय बोलायचे असते?

तुकाबाईने माझ्याकडे पाहिले. मी वर्तमानपत्र वर केले. ते खाली घेतले तोवर ती चप्पल घालून अंगण ओलांडून गेली होती. माझे घोंगडेही गेले.

दि. १३ जानेवारी, सोमवार

वाटेत सुनीलने गाडी थांबवून सांगितले, “आजी लई भारी बोलत्यात बाबा. दोन तास! फोनच भरला माझा.”

दोन तास! घरात जेवताना ‘वाढू का?’ यापलीकडे एक वाक्य नाही. आणि परक्या मंडळींपुढे, त्या गबाळ्या भाषेत, दोन तास! मला किळस आली. जेवलो नाही. तिने पुन्हा ‘वाढू का?’ एवढेच विचारले.

दि. २६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनानंतर शाळेच्या वर्गात खिडक्यांना पोती लावून चित्रपट दाखविला. जाणार नव्हतो. गेलो. मागे, ताठ बसलो.

भिंतीवर तुकाबाईचे तोंड आले. मातीबिती काही फासलेली नव्हती. बोलली ते, ऐकले तसे, लिहितो. माझ्या वहीत असे अक्षर प्रथमच.

“हिरा अकरा म्हैन्यांची व्हती. ताप व्हता. घाटातच मेली, माझ्या पाठीव. ह्ये म्होरं, मेंढरं घिऊन. तितं थांबलं तर मेंढरं दरीत जायाची. म्या कुनाला बोलले न्हाई. खाली उतरस्तवर तशीच घिऊन चालले.”

आरतीचा आवाज आला — आजी, मग नंतर बाबांना सांगितलं का?

“सांगाया गेल्ते. म्हनलं, आवो, हिरा मेली तवा— तर म्हनले, मेली नाही, वारली म्हण. मंग फुडचं ऱ्हाऊच दिलं.”

कुणी हसले नाही.

आमची लेक घाटाखालच्या तळावर पोहोचल्यानंतर, झोपेत गेली, असे मी पन्नास वर्षे समजत होतो. तुकाबाईस ते वाक्य मी म्हटल्याचे मला आठवत नाही. परंतु ते माझेच आहे. दुसऱ्या कुणाचे असणार?

दि. २७ जानेवारी, सोमवार

सकाळी तुकाबाईस म्हणालो, हिराचे मला सांग. ती चहाचे भांडे उतरवून समोर बसली. बराच वेळ शब्द जुळवीत होती. मग म्हणाली, “हिरा वारली, तेव्हा—” आणि थांबून माझ्या तोंडाकडे पाहू लागली, बरोबर आहे ना म्हणून.

“मेली,” मी म्हणालो. “मेली म्हन, तुका.”