पंतप्रधानांचा बूट

गुरुवार, संध्याकाळ. रायस्वाइक, नेदरलँड्स.

आज मी मार्लीसला, म्हणजे माझ्या बॉसला, तोंडावर नाही म्हटलं.

चौकातल्या जुन्या पंतप्रधानांचा ब्राँझचा पुतळा आम्ही आठवडाभर साफ करतोय. सगळा काळपट, फक्त डावा बूट सोन्यासारखा चकचकीत. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी हात लावून लावून झालेला. मार्लीस म्हणाली, "बूटही काळा करू, म्हणजे सगळं एकसारखं दिसेल."

मी ब्रश खाली ठेवला. "नको. तो बूट खराब झालेला नाही. लोकांनी प्रेमाने घासलाय."

हे सगळं डचमध्ये! एक क्रियापद चुकलं. चुकू दे.

तिने खिशातून फोन काढला. मला वाटलं, गेली नोकरी. पुण्यात मेटलर्जी शिकलेली मी, इथे नवऱ्याच्या, अभिजितच्या व्हिसावर आले आणि तीन वर्षं घरी बसले. ही नोकरी मिळून सहाच महिने झालेत. पण बूट काळा करायचा नव्हता म्हणजे नव्हता. हट्ट होता का माझा? नाही. धातू मला कळतो.

मार्लीसने तिथूनच नगरपालिकेला फोन लावला. बराच वेळ बोलली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बूट तसाच राहील. नुसतं मेण लाव. आणि अहवालात कारण तूच लिही, सही तुझी."

आत्ताच लिहून संपवला. सहीखाली सवयीने 'मदतनीस' लिहिलं होतं. ते खोडून 'धातुतज्ज्ञ' लिहिलं.