लॉकचे पेडल आणि दोन नंबर मोठे बूट

सोमवार, ३ मार्च
आज आलेले सामान: सायकलला लावायचे लॉकचे पेडल, एक जोड, २४००. त्यात अडकणारे बूट, ३१००. बुटाखाली बसवायच्या क्लिपा, फुकट. खोके जाड आहे, कांदे ठेवायला होईल.

बॅटरीची सायकल गेल्या महिन्यातच आली. तिचे पेडल साधे, सपाट. तेच ठेवायचे की लॉकचे लावायचे, यावर दोन्ही बाजू लिहून काढल्या. सपाट: पाय हवा तेव्हा खाली टेकतो. लॉक: पाय पेडलला घट्ट, ताकद वाया जात नाही. मला वाया जाणे सोसत नाही. देवानेच कौल दिला म्हणायचा.

माझा नंबर सहा. आठचे मागवले. किंमत तीच, मग दोन नंबरांचा माल दुकानदाराला का सोडा?

लेक नदीपलीकडे चढावर राहते. बस पुलापर्यंतच. बाळाला सांभाळायला ठेवून ती एप्रिलपासून कामावर जाणार. म्हणाली, आई, सकाळी आठच्या आत जिला आपलं आपण येता येईल तिच्याकडे बाळ. बाबांची गाडी, बाबांची झोप, बाबांचा मूड, यावर मी नोकरी करू शकत नाही. नाहीतर माझ्या सासूबाई एका पायावर तयार आहेत.
विहीणबाई! बघतेच.

बुधवार, ५ मार्च
सायकलवाल्याने पेडल बसवले. न विचारता सल्ला देण्याची त्याला खोड. काकू, चढाला मोटर ढकलते की! पाय बांधून कुणाला हरवायचंय? थांबायच्या आधी टाच बाहेर वळवायची, खट्कन सुटतं. जमेल ना? मी म्हटले, मॅट्रिकला भूमिती होती मला. हसला. भूमिती न झालेली माणसे हसतात.
जुने पेडल पिशवीत घालून दिले होते. भंगारवाल्याला देऊन टाकले. घरात पळवाट नको.

शुक्रवार, ७ मार्च
प्रार्थना करून निघाले. खट्. खट्. दोन्ही पाय अडकले. काय समाधान! कोपऱ्यापर्यंत राणीसारखी गेले.
कोपऱ्यावर टाच वळवली. टाच वळली, बूट वळला नाही. बुटाच्या आत पाय फार सुरेख फिरतो.
शिंप्याच्या दुकानाच्या खांबाला मिठी मारली. शिंपी म्हणाला, वहिनी, खांबाचं माप घेताय का? मी म्हटले, पक्का आहे का बघतेय. तो म्हणाला, बघा निवांत, आणि चहा प्यायला आत गेला. शेवटी बुटातून पाय उपसून उतरले. बूट पेडलवरच. अनवाणी घरी आले.
पडले नाही, हे महत्त्वाचे.

सोमवार, १० मार्च
बुटांत फडकी कोंबून लेस आवळली. आता पाय फिरत नाही. निघतही नाही. टाच वळवायला गेले तर आधी गुडघाच वळला. फाटकापाशी हळूच, मानाने, आडवी झाले.
हे व्हरांड्यातून म्हणाले, अगं, ऊठ की. मी म्हटले, उठता आलं असतं तर इथे का पडले असते? म्हणाले, सायकल पांघरून झोपायची ही कुठली तऱ्हा? लेस सोडताना हसत होते. वर म्हणाले, बांधून घ्यायला मी काय कमी होतो?
वाक्य लक्षात ठेवले आहे.

गुरुवार, १३ मार्च
स्वतःची नवी पद्धत काढली. फडकी नाहीत, लेस नाही. बूट कायम पेडलवर. थांबायचे तेव्हा पाय बाहेर, निघताना आत. उत्तम!
सायकलवाला म्हणाला, काकू, म्हणजे सपाट पेडलच झाले की, फक्त महाग. मत्सर, दुसरे काय. बूट परत घेतील का, असे सहज विचारून ठेवले. वापरलेले घेत नाहीत. बरेच झाले. मला द्यायचे नव्हतेच.

गुरुवार, २० मार्च
विहीणबाईंनीही बॅटरीची सायकल घेतली. वयाने माझ्याहून मोठ्या, त्यात गुडघेदुखी. त्यांना फार लागू नये म्हणून प्रार्थना केली.

सोमवार, ३१ मार्च
लेकीने दोघींनाही आठच्या आत बोलावले होते. चढावर सैल बुटातून पाय निसटतो, म्हणून आजच्यापुरती फडकी आणि लेस दोन्ही. पूल, चढ, सगळे झकास. वेळेआधी पोचले!
उतरता येईना. जवळ खांब नाही. थांबले तर आडवी होणार, म्हणून इमारतीला फेरी मारली. लेक बाळ घेऊन गॅलरीत. हात हलवून म्हणाली, ये वर. मी म्हटले, आलेच, आणि पुढे गेले. पुढच्या फेरीला म्हणाली, आई, कुठे चाललीस? म्हटले, हवा छान आहे. त्यानंतरच्या फेरीला तिने बाळाचा हात धरून टाटा केला.
तेवढ्यात विहीणबाई आल्या. पाय टेकला, उतरल्या, वर गेल्या. इतके साधे, की बघवेना.
मी फिरतच होते. मग बॅटरी संपली. कुंपणाच्या झुडपाने झेलले. विहीणबाईंनीच खाली येऊन लेस सोडली. म्हणाल्या, ताई, घाम पुसा आधी. गुडघेदुखीची बाई, माझ्यासाठी वाकली. रागावताही येईना.

मंगळवार, १ एप्रिल
सोमवार ते शनिवार बाळ विहीणबाईंकडे. मला रविवार. रविवारी लेक घरीच असते. हे म्हणाले, सोडीन की गाडीने, माझी झोप झाली की.
रविवार हा मोठा वार. मोठ्या जबाबदारीसाठी मला राखून ठेवले आहे.
विहीणबाईंना पत्र टाकले, त्याची ही नक्कल:
‘सप्रेम नमस्कार. आपल्या सायकलसारखे साधे पेडल कोठे मिळतात? जुनी जोड पडून असल्यास तीही चालेल. शेजारीण विचारत होती. फोन करू नये, फोन हे उचलतात. कृपया उलट टपाली कळवावे.’