रेडिओतलं कुंकू

जळगाव,
सप्टेंबर १९५८

प्रिय बेबा,

तुझ्या वहिनीचे हात सध्या काळे असतात, तेव्हा कागदावर बोटं उमटलेली दिसली तर नाक मुरडू नकोस. आपल्या गावचा छगन केळीच्या गाडीबरोबर इथं आला होता. त्याच्याकडून कळलं, की तू सासरहून कायमची परत आलीस आणि तुला मागच्या खोलीत ठेवलं आहे. त्याबद्दल शेवटी लिहीन. आधी माझं ऐक, कारण चार वर्षांत तुमच्या घरात माझं नाव निघालं असेल ते शिव्या द्यायलाच.

मी रेडिओ दुरुस्त करायला शिकले. नुसती शिकले नाही, बन्सीलालभाऊंच्या दुकानात आता मेकॅनिक आहे. सुरुवातीला कितीतरी महिने भाऊ फक्त तारांना डाख द्यायला लावायचे. बोटं भाजली, पण डाख असा बसायला लागला की तार तुटेल, सांधा सुटणार नाही. चालू सेटमध्ये हात घालताना डावा हात खिशात ठेवायचा, म्हणजे विजेचा धक्का छातीतून जात नाही, हा इथला पहिला नियम. बरोबरच्या मुलांना खिसे होते, मला कुठले? मी डोक्यावरचा पदर काढून कमरेला खोचला आणि डावा हात त्यात अडकवला. मी ज्यांच्याकडे राहते त्या प्रमिलामावशींनी पाहिलं आणि "व माय, डोक्यावर पदर नाही!" म्हणून कपाळावर हात मारला. मी म्हटलं, मावशी, पदर तोच आहे, आता कामाला लागलाय एवढंच.

गिऱ्हाइकं बिचकतील म्हणून भाऊंनी माझ्या टेबलापुढे पडदा लावला होता. माणूस चांगला, पण धंद्याची भीती कोणाला सुटली आहे? दोन दिवस मी पडद्याआड बसले, तिसऱ्या दिवशी स्वतःच्या हाताने तो काढला, घडी घातली आणि भाऊंच्या पुढ्यात ठेवली. मागच्या खोलीत मी पुष्कळ बसले, आता पुरे, असं म्हटलं. पाचोऱ्याचे एक व्यापारी आले, मला बघून विचारायला लागले, मेकॅनिक कुठं गेला? मी मान वर न करता सांगितलं, गेला नाही, बसली आहे. गृहस्थ सेट उचलून चालू लागले. दुसरीकडे दुरुस्त झाला नाही, म्हणून आठवड्याने तोच सेट घेऊन परत आले, तेव्हा मी पाणीसुद्धा विचारलं नाही. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

तुला तो दसरा आठवतो ना? पंचायतीचा रेडिओ नवा आलेला, तुझे वडील, आबा, सरपंच, म्हणून पेटी आपल्याच ओसरीवर. संध्याकाळी अर्धा गाव ऐकायला जमायचा. मी दाराच्या फटीतून ऐकायची. तुझे दादा जाऊन वर्ष झालं नव्हतं आणि विधवेने सणाच्या दिवशी तोंड दाखवायचं नाही, ही तुमच्या घरची रीत. दसऱ्याला नांगराची, वखराची, तराजूची पूजा झाली आणि संध्याकाळी पेटी लावली तर ती मुकी. घरघरसुद्धा नाही. सगळे माझ्यावर उलटले. तुझी माय ओसरीवर उभी राहून ओरडली, "हिची सावली पडली, म्हनून पेटी मुकी झाली! पांढऱ्या पायाची!" तिने मुलगा गमावला होता, पण मीही नवरा गमावला होता, हे त्या घरात कोणाच्या ध्यानातच नव्हतं.

मग जळगावहून बन्सीलालभाऊ आले. भर ओसरीवर, सगळ्यांसमोर त्यांनी पेटी उघडली. स्टेशन लावायची चकती फिरवली की आत पातळ पत्र्याची पानं एकमेकांत सरकतात. त्या पानांमध्ये नारळाच्या पाण्यात भिजलेलं कुंकू चिकटून बसलं होतं. कोणीतरी भक्तिभावाने पेटीची पूजा केली होती! तेव्हा मी बाहेर आले, उंबऱ्यात नाही, ओसरीच्या मध्यावर, आणि विचारलं, की ज्या हातांना तुम्ही कुंकू वर्ज्य केलंत, त्या हातांनी पेटीत कुंकू कसं घातलं? भाऊंनी माझ्या हातात ब्रश दिला. एकेक पान मीच पुसलं आणि पेटी बोलायला लागली. त्याच आठवड्यात मी गाठोडं बांधलं. आबा म्हणाले, "गेली तं परत ह्या घरात पाय ठेवू नको." मी ठेवला नाही.

बेबा, आता शेवटचं लिहिते. छगन म्हणाला, जावईबापू तापाने गेले आणि तुझ्या सासरी तुलाही तोच शब्द ऐकवला. पांढऱ्या पायाची. आणि आता तुझी मायही तुला पुढं येऊ देत नाही. म्हणून आज सांगते, त्या दसऱ्याला मी फटीतून सगळं पाहिलं होतं. नवं परकर-पोलकं नेसून तू त्या पेटीला किती मायेने कुंकू लावत होतीस, वरून नारळाचं पाणी शिंपडत होतीस! मला राग आला नाही. तुला मागणी आली होती, तुझं नाव घेतलं असतं तर लग्न मोडलं असतं, म्हणून मी बोलले नाही. तू पंधरा वर्षांची होतीस, भ्यालीस, गप्प बसलीस. ते केव्हाच सोडून दिलं. पण आता गप्प बसलीस तर मात्र मी रागावेन. पंचायतीचा रेडिओ पुन्हा बंद पडलाय, आबांनी दुकानाला मेकॅनिक पाठवायला कळवलंय. कोण येणार ते त्यांना ठाऊक नाही. दसऱ्याच्या सकाळी यावलच्या मोटारीने मी येते आहे. ओसरीवर पेटी उघडली की तुझ्या नावाने हाक मारीन, साऱ्या गावाला ऐकू जाईल अशी. मागच्या दाराने येऊ नकोस. पुढच्या दाराने ये, माझ्या शेजारी बस आणि ब्रश हातात घे. संध्याकाळच्या मोटारीत मी दोन जागा धरणार आहे.

तुझीच, काळ्या हातांची
कमलवहिनी