हौदातली लाट

११ जानेवारी १९४६, कडेगाव

आकाराम आज चावडीवर सगळ्यांदेखत सयाजीला खोटारडा म्हणाला! सयाजी म्हणजे माझ्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या शालूबाईचा मुलगा. सिंगापुरात पकडला गेला, जपान्यांनी न्यू ब्रिटन बेटावर राबवला, नुसती हाडं घेऊन परतला. त्याचं हे स्वागत.

गुन्हा काय, तर तिकडच्या म्हाताऱ्यांनी सांगितलेली हकिगत याने इथे सांगितली — समुद्रातला ज्वालामुखी ढासळून पाण्यात गेला आणि त्याच्या लाटेने लांबच्या किनाऱ्यावरची माणसं नेली.

आकाराम म्हणे, "डोंगूर पान्यात बसला म्हनं! मग आमचा जोतीराम तिथं मेला, ही बी तसलीच थाप." जोतीराम त्याचा मुलगा; सरकारकडून फक्त 'बेपत्ता' एवढंच आलंय, मेल्याचं सांगणारा एकटा सयाजी.

१२ जानेवारी

शालूबाई भाकरी थापताना रडत होती. "बाई, माज्या पोराला येडं म्हनत्यात. तुमी शिकल्याल्या, तुमी तरी सांगा."

सांगणारच. उभा जन्म मुलींना भूगोल शिकवला मी. ज्वालामुखी म्हणजे राख-दगडांचा सैल ढीग. त्याची एक बाजू सुटून समुद्रात शिरली, तर तिथलं पाणी जाणार कुठे? पण या अडाण्यांना डोळ्यांनी दाखवावं लागेल.

कॉन्व्हेंटातल्या सिस्टर म्हणायच्या, तुझी जीभ एक दिवस कुणाला तरी बुडवील.

२० जानेवारी

आज आकारामच्या मळ्यातल्या हौदावर दाखवलंच. सयाजी कालपासून विनवत होता — "ऱ्हाऊ द्या बाई. त्येला खोटंच वाटू द्या." भित्रा कुठला!

फळीवर माती-दगड रचले, फळी तिरकी केली. सगळा ढीग एकदम आत. पाणी फुगलं आणि पलीकडच्या काठावरून उसळलं. आकाराम तिथेच उभा — गुडघ्यापर्यंत धोतर ओलं. माणसं हसली. जोतीरामची बायको बनुबाई धुणं धूत होती, तीही हसली, हिरव्या बांगड्यांचा हात तोंडावर धरून.

मी म्हणाले, "आता बोला, खोटारडं कोण?"

आकाराम रागावला नाही. "म्हंजे सयाजी खरं बोलतुया," एवढंच म्हणाला आणि ओल्या काठावर बसला.

२१ जानेवारी

शालूबाई भांडी घासून चहालाही न थांबता गेली. सयाजी फिरकला नाही. तो भित्रा नव्हता. त्याचं बोलणं ऐकायला हवं होतं.

२२ जानेवारी

आज सकाळी आकारामच्या घरी बनुबाईच्या बांगड्या फोडल्या.